बारावं रीळ

१

रीळ फिरत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

आधी सगळ्यांना वाटलं, सुरुवातीची कोरी जागा असेल. मग वाटलं, आवाजाचं बटण बारीक असेल. हर्षवर्धनने ते बटण शेवटपर्यंत पिळलं, तेव्हा भोंग्यातून नुसती सरसर आली. मुंबईहून आलेल्या कॅसेट कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. हर्षवर्धनने मशीन बंद केलं, रीळ उतरवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळून विचारलं, "काका, हे काय केलंत तुम्ही?"

सांडोरच्या केळीच्या वाडीतल्या शेडमध्ये रविवारी सकाळी घडलेली ही गोष्ट यमुना वर्तकबाईंना कळली मंगळवारी, आणि तीही कागदावर. कारण सांगायला आलेल्या रीमाला बोलता येत नव्हतं. गळ्यातली गाठ काढताना आवाजाची शीरही गेली होती, ती त्या गाठीतच गुंतलेली होती. दोष कुणाचाच नव्हता. सव्वीस वर्षांची पोर, गळ्याला रुमाल बांधून समोर बसलेली, वहीत भराभर लिहीत होती. फार झालं तर कुजबुजल्यासारखे दोन शब्द निघत, पण तेवढ्यानेही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

बाईंनी वसईच्या शाळेत चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. शाळेत शाईच्या पेनापासून चाचणीच्या पेपरांपर्यंत जे जे हरवलं, ते बाईंनी शोधून दिलं होतं. शिपाई म्हणायचे, बाईंना चोराचा वास येतो. बाई म्हणायच्या, वास कसला डोंबलाचा, ज्याला सगळ्यात जास्त घाई झालेली असते त्याच्याकडे बघायचं. रीमा, हर्षवर्धन आणि नथू हे तिघेही त्यांच्याच वर्गातले. 'मिठागर' नावाचा बँड या तिघांचा, आणि रविवारी लावलेलं रीळ त्यांच्याच गाण्यांचं.

रीमाने लिहिलं, 'सगळे म्हणतात, काकांच्या हातून टेप पुसली गेली. आता काकाही तेच म्हणतात. जेवत नाहीत. बाई, त्यांनी नाही पुसली.'

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

रीमाने लिहिलं, 'माहीत नाही. पण त्या रिळात माझा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नाही.'

२

खूळ मूळचं हर्षवर्धनचं. बाप बँकेत, स्टेशनजवळ स्वतःचा फ्लॅट, पोरगा हुशार आणि हट्टी. २००३ साल, जो तो कॉम्प्युटरवर गाणी जुळवत होता. सूर चुकला तर दुरुस्त करा, ताल चुकला तर सरकवा. हर्षवर्धनला ते बेगडी वाटायचं. त्याला साठ सालच्यासारखी ध्वनिमुद्रिका करायची होती. एक खोली, एक माइक, सगळ्यांनी एकदमच वाजवायचं, एकदमच गायचं, आणि सगळं जाणार एका फितीवर. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हो, कॉपी काढायची नाही. ही तर त्याने सगळ्यांना शपथच घातली होती. असल असेल ते एकच असेल, म्हणे.

त्यासाठी माणूस मिळाला तो बॅप्टिस्ट तुस्कानो. वय चौऱ्याहत्तर. ताडदेवच्या एका स्टुडिओत चाळीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेलं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा भंगारात निघालेलं स्पूलचं मशीन त्यांनी टेम्पोत घालून सांडोरला आणलं होतं. बायको गेलेली, मुलगा कुवेतला, घरात सून अँजेलिना. दहा वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. या तीन पोरांनी विचारलं, आणि म्हातारा पुन्हा जमिनीपासून वीतभर वर चालायला लागला होता.

बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा वाडीमागचं भात पिवळं पडायला आलं होतं. पाखरांना हाकलायला शेतभर काळ्या चकचकीत फिती ताणल्या होत्या, आणि वाऱ्यावर त्या गुणगुणत होत्या. वसईत दर शेतात कॅसेटच्या फिती असतात. या जरा रुंद होत्या, इतकंच.

शेडमध्ये फरशीवर खडूची तीन वर्तुळं अजून होती. सगळ्यात लांबचं नथूच्या ड्रमचं, मधलं हर्षवर्धनच्या गिटारचं, आणि माइकच्या अगदी पुढ्यातलं रीमाचं. एकाच माइकने सगळ्यांचा आवाज घ्यायचा तर कुणी किती लांब उभं राहायचं, हेच खरं कसब. ती वर्तुळं जुळवायला बॅप्टिस्टभाऊंना नऊ दिवस लागले होते.

भाऊ खुर्चीत बसले होते. चर्चमधल्या रोजच्या मिस्सालाही दोन दिवस गेले नव्हते, लोक विचारतील म्हणून. त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो थरथरत होता. एखादं बटण चुकून दाबलं गेलं असेल, ते म्हणाले. मशीन भंगारवाल्याला सांगितलंय, शनिवारी येऊन घेऊन जाईल. कपाटाच्या खालच्या खणातली त्यांची स्वतःची जुनी अकरा रिळंही त्यांनी सोमवारी, खोकी उघडूनही न बघता, काढून टाकली होती. चाळीस वर्षांच्या कामातली आठवण म्हणून ठेवलेली. ज्याला दुसऱ्याचं रीळ सांभाळता येत नाही, त्याने स्वतःची कशाला ठेवायची?

बाईंनी त्यांना बोलतं ठेवलं. रीळ ठेवायचं कसं, काढायचं कसं, वाजवायचं कसं. धंद्याचं बोलताना भाऊंचा हात स्थिर झाला, हे बाईंनी पाहिलं.

"रीळ कधी सुरुवातीला आणून ठेवायचं नाही," भाऊ म्हणाले. "संपलं की संपलं तसंच, शेवटाकडून गुंडाळलेलं ठेवायचं. फितीचे थर एकमेकांवर दाबून बसतात, एकाचा आवाज दुसऱ्यावर उमटतो. गाण्याच्या आधी ऐकू आला तर ते भूत. नंतर आला तर घुमारा. शेवटाकडून गुंडाळलं की घुमारा होतो. म्हणून वाजवायच्या आधी उलटं फिरवून घ्यायचं. तसंच लावलं तर गाणं शेंड्याकडून बुडख्याकडे वाजेल."

ऑगस्टअखेर मुद्रण झालं, सगळ्यांनी एकदा ऐकलं, आणि भाऊंनी रीळ खोक्यात घालून वरच्या खणात ठेवलं. खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं 'मिठागर'. सप्टेंबरात रीमाचं ऑपरेशन झालं. त्या महिन्याभरात कपाट कुणी उघडलं? किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असायची, भाऊ म्हणाले. पोरं घरच्यासारखी. नथू मात्र एकदा फार रागात येऊन गेला होता.

३

पाचूबंदरला मासळीचा लिलाव उरकला होता. नथू होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. बाईंना बघून उठला, हात लुंगीला पुसले आणि पाया पडला. दहावीला भौतिकशास्त्रात तेहतीस मार्क मिळाले होते त्याला, तेही बाईंनी दोनदा पेपर तपासल्यावर.

राग कसला होता, ते त्याने सरळ सांगितलं. रीमाच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तो हर्षवर्धनला म्हणाला होता, शपथ राहू दे बाजूला, एक साधी कॅसेट काढून ठेवू. पोरीच्या गळ्याचं काय होईल सांगता येत नाही. हर्षवर्धन नाही म्हणाला. मग नथू थेट शेडवर गेला होता, भाऊंकडून गुपचूप कॉपी मागायला. भाऊ म्हणाले, शब्द दिलाय. तेव्हा नथूचं डोकं फिरलं होतं.

"मी बोललो, खोटं कशाला सांगू. बोललो की तुमची ती फीत एक दिवस खाडीत फेकून देईन. पन हात नाय लावला, बाई. तिचा आवाज होता त्याच्यात. दर्याच्या पान्याला पन मी हात जोडतो, आनि तिच्या आवाजाचं वाईट करीन?"

बाईंनी त्याला रविवारची सकाळ पहिल्यापासून सांगायला लावली. तो आठवून आठवून सांगत गेला. भाऊंचा हात थरथरतो म्हणून रीळ हर्षवर्धनने चढवलं. चढवलं, फीत ओवली, बटण दाबलं. मग सरसर. मग बंद केलं, उतरवलं, आणि काकांना बोलला.

"मध्ये आणखी काही केलं त्याने? पालटून बघितलं, पुढे सरकवून बघितलं?"

"नाय. लगेच बोलला." नथू जाळ्यात सुई खुपसून म्हणाला, आता कंपनीवाला नवीन पोरगी आणतोय गायला, अंधेरीची. तसं हर्ष काल फोनवर म्हणाला. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं.

बाईंनी विचारलं, काल म्हणजे सोमवारी? नथू हो म्हणाला. रविवारी फीत पुसलेली निघाली, आणि सोमवारी अंधेरीची पोरगी तयार.

४

नालासोपाऱ्याला जितेंद्रचा स्टुडिओ एका इमारतीच्या तळमजल्यावर होता, पूर्वीच्या पीठगिरणीच्या गाळ्यात. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. जितेंद्र आधी याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. कॉम्प्युटर नको म्हटल्यावर भांडून बाहेर पडला होता. वसईतले काहीजण मागून असंही कुजबुजत होते की हे त्याचंच काम. मिठागरच्या नावाने तो चारचौघांत खो-खो हसला होता, हेही खरं होतं.

"हसलो, मग?" जितेंद्र म्हणाला. "मी त्याला बोललो होतो, एकेक ट्रॅक सेपरेट ठेव. उद्या कोणाचा आवाज काढायचा असेल, दुसऱ्याचा घालायचा असेल, टेन्शन नाही. तो म्हणे हे चीटिंग आहे. एका माइकमध्ये सगळं घेतलं, बाई. वरण-भात कालवल्यावर वरण वेगळं काढता येतं का? रीमाचा आवाज काढायचा, तर अख्खं रीळच काढायला पाहिजे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं, आपल्यावर संशय आहे. तो घाईघाईने सांगू लागला की भांडण झालं तरी दोस्ती होती, कोरी रिळं आणायला चोरबाजारात हर्षबरोबर तोच गेला होता. जुना माल, पारदर्शक चाकं, दुकानदाराने तीन रिळं दिली.

"दोन," बाई म्हणाल्या. रीमाने वहीत दोन लिहिली होती. एक सरावाचं, शपथेप्रमाणे मुद्रणानंतर जाळून टाकलेलं, आणि एक खऱ्या मुद्रणाचं.

"तीन, बाई. मीच पिशवी उचलली. एक त्याने घरी ठेवलं, स्पेअर म्हणून."

बाई उठल्या. त्यांना आता एवढं कळलं होतं की रविवारी जे वाजलं नाही, ते पुसलेलं नव्हतंच कदाचित. ते कोरंच होतं. पण 'कदाचित'वर कुणाला चोर म्हणता येत नाही. आणि ते कोरं असेल, तर खरं रीळ कुठे होतं?

५

बुधवारी बाई पुन्हा सांडोरला गेल्या. भाऊ झोपले होते. अँजेलिनाने चहा टाकला आणि बोलता बोलता रडायला लागली. सासऱ्याने दोन दिवस पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं. रविवारी तर पाहुण्यासमोर चहाचीही शोभा झाली म्हणे. चहा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, कंपनीवाला कप न उचलताच गेला.

"उशीर कसा झाला?"

"माझी रीत ठरलेली आहे, टीचर. ते मशीन आधी उलटं फिरतं ना, त्याची घरघर इथपर्यंत येते. दोन-तीन मिनिटं चालते. घरघर लागली की मी आधण ठेवते, थांबली की गाळते. रविवारी घरघर लागलीच नाही. मी आपली वाट बघत बसले."

बाईंनी कप खाली ठेवला. शेवटाकडून गुंडाळलेलं रीळ उलटं फिरवल्याशिवाय लावलं, तर गाणं उलटं वाजणार. दोन महिने भाऊंच्या खांद्यावरून बघत बसलेल्या हर्षवर्धनला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? ज्याला गाणं ऐकायचं असतं तो रीळ उलटं फिरवतो. ज्याला माहीत असतं की आत काहीच नाही, तो विसरतो.

शोध लागला की बाईंना पूर्वी बरं वाटायचं. आज नाही वाटलं. हर्षवर्धन वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, आणि प्रयोगवहीत आकडे कधी खोटे लिहायचा नाही. उत्तर चुकलं तरी आलेला आकडा तोच लिहायचा, त्यासाठी बाईंनी त्याला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली होती.

त्या परसात आल्या. घेवड्याच्या मांडवाला अँजेलिनाने रिकामी चाकं टांगली होती, वाऱ्याने एकमेकांवर आपटून वाजावीत म्हणून. पाखरं यंदा फार माजलीत, ती मागून म्हणाली. पप्पांनी सोमवारी ती जुनी रिळं टाकायला काढली, तर मीच म्हटलं, टाकता कशाला, शेतात ताणते. कोयत्याने तुकडे केले, दिवसभर बांधत होते.

बाईंनी चाकं मोजली. मग बोट लावून पुन्हा मोजली. भाऊंनी अकरा सांगितली होती. अकरा चाकं राखाडी पत्र्याची होती, आणि एक पारदर्शक.

बारा.

"या चाकावरची फीत कुठे लावलीस, अँजेलिना?"

"मला काय ठाऊक, टीचर? सगळी फीत सारखीच काळी."

शेत गुणगुणत होतं. बाई बांधावर बसल्या.

६

खरं सांगितलं तर म्हातारा एका आरोपातून सुटणार आणि दुसऱ्यात सापडणार, हे बाईंना दिसत होतं. गुरुवारी सकाळी भाकरी थापताना त्यांनी शंभरदा ठरवलं की गप्प बसायचं. पण शनिवारी मशीन जाणार होतं, भाऊ पेजेवर होते, आणि रीमाने विचारलं होतं. अर्धं गणित फळ्यावर सोडून जायची सवय बाईंना कधी नव्हती. काही सवयी माणसाचा घात करतात.

दुपारी तीनला सगळे शेडमध्ये होते. भाऊ खुर्चीत, अँजेलिना दारात, नथू भिंतीला टेकून, रीमा वही मांडीवर घेऊन, आणि हर्षवर्धन उभा. तो खडूच्या वर्तुळात उभा आहे हे त्याला कळलंही नव्हतं.

बाईंनी आवाज चढवला नाही. चहाची गोष्ट सांगितली. उलटं फिरवायची गोष्ट सांगितली. चोरबाजारातलं तिसरं रीळ सांगितलं. घाबरून उलटं फिरवायचं राहिलं म्हणावं, तर राहू शकतं. पण सरसर आली की कुणीही आधी दुसरं टोक लावून बघेल, पुढे सरकवून बघेल. ज्याचं सर्वस्व त्या फितीत आहे, तो इतक्या लवकर हार मानत नाही. "तुला बघायचंच नव्हतं. तुला फक्त दोष द्यायची घाई होती," बाई म्हणाल्या. "आणि द्यायला थरथरता हात समोरच होता."

"बाई, मी..."

"अंधेरीची मुलगी कधी ठरली?"

हर्षवर्धन खाली बघत होता. तसाच तो बोलायला लागला, आणि मग थांबेना. कंपनीने सप्टेंबरातच सांगितलं होतं, रेकॉर्ड झकास असेल हो, पण स्टेजवर उभी राहून गाणारी हवी. जिला बोलताही येत नाही तिचं रेकॉर्ड विकून पुढे काय? दुसरी गायिका घ्या. पण ही फीत असेपर्यंत नथूने दुसरीबरोबर वाजवलं नसतं, काकांनी माइक लावला नसता. आवाज तेवढा काढता येत नव्हता. संधी एकदाच येते, नाहीतर नथू होडीवर आणि आपण बँकेच्या परीक्षेला. फीत आपोआप गेली असती, तर कुणी कुणाला बोललं नसतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

रीमाने वहीत काहीतरी लिहिलं आणि पान त्याच्यासमोर धरलं. 'विचारायचं होतंस. मीच म्हटलं असतं, दुसरी घे. पण ते रीळ मला दे.'

"दिलं असतं," तो म्हणाला. "शपथ, रीमा, मी पुसलं नाही. मला पुसवलंच नाही. तुझ्यासाठीच जपून ठेवलंय. सगळं शांत झालं की देणार होतो. आत्ता देतो."

भाऊ खुर्चीतून अर्धे उठले होते. तोंडावर पाच दिवसांनी रक्त आलं होतं. "म्हणजे माझा हात नाही?" त्यांनी विचारलं. "यमुनाबाई, माझ्या हातून नाही गेलं?"

भाऊंकडे बघत बाई नुसत्याच म्हणाल्या, "पुसलं तुम्ही नाही, भाऊ."

एवढ्यात हर्षवर्धन कपाटाशी पोचला होता. भाऊंच्या जुन्या रिळांत ठेवलेलं, त्यांना कुणी कधी हात लावत नाही, दहा वर्षं कुणाला सापडलं नसतं, असं काहीतरी तो बोलत होता. त्याने खालचा खण ओढला.

खण रिकामा होता.

७

दारातल्या अँजेलिनाने तोंडावर पदर घेतला. तिला भाऊंच्या आधी कळलं. भाऊंनी रिकाम्या खणाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग दाराबाहेर, जिथून गुणगुण येत होती.

ते हळूहळू पुन्हा खुर्चीत बसले.

"मी मोजली नाहीत," ते म्हणाले. "काढताना मोजायला हवी होती. अकरा होती ना." मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "यमुनाबाई, पुसलं नाही म्हणालात. पण दिलं मीच की."

बाई पुढे झाल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सांगायला खूप होतं, की दोष लपवणाऱ्याचा, देणाऱ्याचा नाही. ते खरंही होतं. पण खरं सांगून झालं होतं, आणि त्याने काय झालं ते समोर होतं. अँजेलिनाने विचारलं, मशीनवाल्याला नको म्हणून कळवू का, पप्पा? भाऊंनी मान हलवली. म्हणाले, शनिवारी येऊ दे त्याला.

हर्षवर्धन धावत शेतात गेला होता. चपला बांधावर सोडून, पिकल्या भातात गुडघ्यावर बसून तो खुंटांच्या गाठी सोडत होता. दोन हात फीत, तीन हात फीत, वीतभर फीत. तीन दिवसांच्या उन्हाने, दवाने आणि वाऱ्याने ती पिळवटली होती, ताणून दोऱ्यासारखी झाली होती, कितीतरी तुकडे चिखलात दबले होते. बारा रिळांतले शेकडो तुकडे, सगळे सारखे काळे. नथू त्याला मारायला म्हणून गेला. त्याच्याजवळ पोचला, आणि तोही वाकून गाठी सोडायला लागला.

बाईंनी शेडच्या भिंतीला लटकणारा विळा घेतला. काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी पहिल्या खुंटाची गाठ कापली आणि फितीचं टोक हातात धरलं. त्या टोकावर रीमाचं गाणं होतं की कुणा दुसऱ्याचं साठ सालचं वाया गेलेलं गाणं, हे सांगणारं भौतिकशास्त्र त्यांना माहीत नव्हतं.

रीमा त्यांच्या मागोमाग आली होती. तिने वही आणली नव्हती. वारा आला, शेतभर गुणगुण उठली, आणि भातावरचा पोपटांचा एक थवा फडफडून वर गेला. ती ते उडून जाईपर्यंत बघत राहिली. मग तिने बाईंचा विळ्याचा हात धरला आणि जवळ येऊन कानाशी कुजबुजली. ऐकायला बाईंना श्वास रोखावा लागला.

"राहू द्या, बाई. पाखरं तरी ऐकतायत."

बाईंनी फितीचं टोक पुन्हा खुंटाला बांधलं.